टॅटूच्या सुईला परवाना कोण देणार?

महाराष्ट्रात टॅटू स्टुडिओ थाटायला काय लागते? गाळा, मशिन, शाई आणि फार तर गुमास्ता. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नोंदणीही नको, नुसती सूचना दिली की पुरे. सुई धरणाऱ्याला निर्जंतुकीकरण येते का, हे कुणी विचारत नाही. भिंतीवर खासगी अकादमीचे प्रमाणपत्र झळकत असते, पण टॅटू कलाकारासाठी देशपातळीवर कायद्याने ठरवलेला परवानाच नसल्यामुळे त्या कागदाचे मोल अकादमी सांगेल तेवढेच. गंमत म्हणजे टॅटूतला धोका सरकारला ठाऊक आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना टॅटू काढलेल्याला बारा महिने रक्तदान करू देत नाहीत. सुई टोचून घेतलेल्याला वर्षभर थांबवायचे आणि टोचणाऱ्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही, असा हा कारभार आहे.

म्हणून परवाना हवाच. मात्र त्यात तपासायचे काय, हे आधी ठरले पाहिजे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. तेव्हा सुई एकदाच वापरून फेकली का, ती कुठे फेकली, एका गिऱ्हाइकासाठी काढलेली शाई उरल्यावर पुन्हा बाटलीत ओतली का, उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालू आहे की शोभेला ठेवलाय, परीक्षा घ्यायची ती एवढ्याचीच. चित्र सुबक आले की नाही, हे गिऱ्हाईक बघून घेईल. न्यूयॉर्क शहराने हिपॅटायटिसच्या भीतीने 1961 मध्ये टॅटूवर बंदी घातली, ती 1997 मध्ये उठवली. मधली छत्तीस वर्षे काम बंद नव्हते, ते चोरून चालले होते. आता तिथे परवान्यासाठी संसर्ग रोखण्याचा छोटा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी लागते. कलेचा पेपर त्यात नाही.

परवाना आला की इन्स्पेक्टर आला आणि इन्स्पेक्टर आला की हप्ता आला, हा आक्षेप आपल्याकडे खोटा म्हणता येणार नाही. नियम जितके जास्त आणि मोघम, तितकी चिरीमिरीला जागा जास्त. म्हणूनच अटी मोजक्या हव्यात आणि त्या दुकानात लावलेल्या हव्यात, म्हणजे गिऱ्हाइकालाही पडताळता येतील. दक्षिण कोरियाने दुसरे टोक गाठले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये टॅटू काढणे हे वैद्यकीय काम ठरवले. ते डॉक्टरांपुरते राहिले आणि बाकीचे सगळे लपूनछपून करू लागले. अखेर 2025 मध्ये संसदेला कायदा करून इतरांसाठी परवान्याची वाट मोकळी करावी लागली. आपल्याकडे जत्रेत बसून गोंदणाऱ्या बायांचे काय, हा प्रश्न हप्त्याच्या आक्षेपाहून अवघड. इंग्रजी अर्ज आणि हजारोंचे शुल्क ठेवले तर पहिला बळी त्यांचाच जाईल. मराठीत तोंडी परीक्षा, नाममात्र शुल्क आणि जागेऐवजी व्यक्तीला मिळणारा, राज्यभर चालणारा परवाना असेल, तर त्यांनाही तो घेता येईल. नव्या सुईचा खर्च वाढेल. तो गिऱ्हाइकाने सोसावा.

तरीही परवान्याच्या कक्षेबाहेर एक गोष्ट उरते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये 2011–12 मध्ये टॅटूनंतर त्वचेचा जिवाणूसंसर्ग पसरला. चौकशीत दोष कलाकाराच्या हाताचा निघाला नाही, तर तयार मिळणाऱ्या करड्या शाईचा निघाला. युरोपीय संघाने 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले आहेत. बाटली उघडण्याआधीच शाई दूषित असेल, तर स्वच्छ हात काय करणार? ते काम अन्न व औषध प्रशासनाचे आहे आणि परवान्याच्या चर्चेबरोबरच त्या खात्याला त्याचा जाब विचारायला हवा.