पारख करायचीय? मग आधी खिशात हात घाला!

अमेरिकन बास्केटबॉलच्या ड्राफ्टचं आपल्या आयटीवाल्यांना जबरदस्त वेड लागलंय. एकोणीस वर्षांची पोरं, त्यांची उंची, हातांची लांबी, कोणाला तिसऱ्या नंबरवर उचलायचं, कोणाच्या बदल्यात पुढच्या वर्षीची निवड देऊन टाकायची... एनबीएच्या जनरल मॅनेजरला नसेल इतकी खात्री आमच्या कँटीनमध्ये असते :-)

तिथपर्यंत ठीक. पण हल्ली हीच भाषा आपल्याकडच्या पोरांबद्दल ऐकू येते. "डेटा बघा, टॉप दहा उचला, बाकीच्यांवर पैसा घालवू नका." इथे माझं डोकं फिरतं.

मुळात ज्यांच्याकडून हे उचललं, त्यांना तरी ते जमतं का? 2014 साली निकोला योकिचच्या आधी 40 जण निवडले गेले. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2018 मध्ये अटलांटाने लुका डॉन्चिचला निवडलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. बदल्यात ट्रे यंग आणि पुढच्या पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. 2024 मध्ये डॉन्चिच डॅलसला अंतिम फेरीत घेऊन गेला. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. तिथे अंदाज चुकला तर त्याची किंमत अंदाज करणारा मोजतो.

आता बुलढाण्याला या. जिल्ह्याचं ठिकाण असून गावात रेल्वे नाही; मलकापूरला उतरायचं आणि राजूर घाट चढायचा. या गावच्या प्रथमेश जावकरने मे 2023 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यात समोर कोण, तर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगातला अव्वल तिरंदाज. स्कोअर 149-148. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्याआधी 2019 मध्ये बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधवने चीनमधल्या जागतिक पोलीस स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण आणलं होतं. या गावाला कोणी 'ड्राफ्ट' केलं नव्हतं. चंद्रकांत इलग यांच्यासारखा प्रशिक्षक होता, मैदान होतं आणि रोज येणारी पोरं होती.

"पण तिरंदाजीत तर आकडा स्वच्छ असतो ना?" असं कोणीतरी म्हणेलच. नसतो हो. पात्रता फेरीत 72 बाण, सामन्यात फक्त 15. पहिल्यात शहाणा ठरलेला दुसऱ्यात गडबडू शकतो. शिवाय पंधराव्या वर्षी पोराची उंची वाढते, धनुष्याची खेच बदलावी लागते, बाण बदलावे लागतात, आणि काही महिने स्कोअर डळमळतो. नवे बाण कोणाच्या बापाला परवडले आणि कोणाच्या नाही, हेही त्याच आकड्यात मिसळलेलं असतं. तुमच्या एक्सेलमध्ये त्याचा कॉलम आहे का?

आपल्याला हे कळायला हवं खरं तर. कँपसला "दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे 60 टक्के" या अटीपायी बाहेर बसलेले, आपल्यापेक्षा चांगला कोड लिहिणारे मित्र आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तेव्हा ती चाळणी मूर्ख वाटायची. आता चाळणी आपल्या हातात आली की ती लगेच 'डेटा-ड्रिव्हन' होते!

ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीत पहिली आर्चरी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, 36 भारतीय आणि 12 परदेशी तिरंदाज. छान झालं, खेळ लोकांना दिसला. पण लीग कुठलीही असो, संघमालक तयार माल घेतो. बारा वर्षांच्या पोराला बांबूच्या धनुष्यावरून लाखांच्या घरातल्या कंपाउंडवर नेण्याचा जुगार खेळतो त्याचा बाप, गावचा प्रशिक्षक, फार तर सरकारी खातं. दहातली नऊ पोरं पुढे जात नाहीत, तो तोटाही त्यांचाच. दहावा निघाला की मात्र त्याचा 'शोध' शहरातल्या माणसाने लावलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मॉडेल उचलायचंच तर फुटबॉलचंही थोडं उचला. फिफाच्या नियमाप्रमाणे करार चालू असताना खेळाडू विकला गेला, की त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपल्या लीगमध्येही खेळाडूच्या मानधनाला हात न लावता, संघमालकाने वर तेवढी रक्कम त्याच्या पहिल्या मैदानाला द्यावी. त्यातून पुढच्या पोरांचे बाण येतील, धनुष्यं दुरुस्त होतील. आणि पंधराव्या वर्षी एका स्कोअरवरून कोणालाही कायमचं बाद करू नये.

हे मान्य नसेल तर खुशाल एनबीएचे ड्राफ्ट खेळत बसा, माझी काही तक्रार नाही. फक्त बुलढाण्याच्या पोरांची यादी करायला घेऊ नका.