माउलीच्या चालीवर उपासना

मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी उपासनेला उभी राहते तेव्हा अनेकांच्या हाती ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक असते, आणि त्यातली कितीतरी पदे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला परदेशी सुरांवर ओढूनताणून बसवलेली गीते खटकत. जात्यावर ओवी नि देवळात अभंग ऐकत वाढलेल्या माणसाने प्रार्थनेपुरती परकी जीभ का लावावी? त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली, भजन-कीर्तन जवळ केले. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरीही न चढलेल्या, नवऱ्यानेच अक्षरे गिरवायला लावलेल्या बाईने!