तारकर्लीत स्कुबा केलं, म्हणून पाण्याखालच्या गुहेत उतरता येतं का?

डहाणू-तलासरीतल्या कुठल्याही मित्राचं इन्स्टा उघडा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तारकर्ली, मालवण किंवा गोव्याचा एक तरी स्कुबाचा व्हिडिओ सापडतोच. घरासमोर समुद्र असताना ही पोरं पार सिंधुदुर्गात जातात, कारण झाई-बोर्डीपासून डहाणूपर्यंतचं पाणी गढूळ आहे. तळाला चिखल आणि भरती-ओहोटीची ओढ जोरात. खाली गेलात तर स्वतःचा हात दिसायची मारामार.

त्याच फीडमध्ये पुढे मेक्सिकोतल्या सेनोटेचा व्हिडिओ येतो. निळंशार पाणी, वर खडकाचं छत, फटीतून येणारा उजेड. खाली कमेंट ठरलेली, "भावा, पुढच्या वर्षी हे करू."

तर, हे करता येतं का?

तारकर्लीत सुट्टीवर गेलेला माणूस सहसा ट्राय डाइव्ह करतो. त्यात इन्स्ट्रक्टर सगळा वेळ तुम्हाला धरून असतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा. याच्या पुढची पायरी म्हणजे ओपन वॉटर कोर्स. त्यात चार डाइव्ह समुद्रात होतात आणि पास झाल्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. पण या सगळ्या शिक्षणामागे एक गोष्ट गृहीत असते. काही बिघडलं तर वर जाता येतं, कारण डोक्यावर फक्त पाणी आहे.

गुहेत वर खडक असतो. हवा संपत आली, मास्क निघाला, घाबरलात, काहीही झालं तरी ज्या वाटेने आत आलात त्याच वाटेने बाहेर यावं लागतं. मगच वर. पुढचं सगळं ट्रेनिंग या एका फरकातून आलंय.

गुहेच्या तोंडाशी, जिथवर बाहेरचा उजेड दिसतो, त्या भागाला कॅव्हर्न म्हणतात. उजेड संपला की केव्ह सुरू होते आणि त्यासाठी वेगळा, जास्त कडक कोर्स लागतो. पाडी या संस्थेच्या कॅव्हर्न कोर्सला वय किमान 18 आणि ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर झालेलं लागतं. तो करूनही पृष्ठभागापासून खोली आणि आतलं अंतर मिळून 40 मीटरच्या पुढे जायचं नाही.

आत शिकवतात काय? सगळ्यात आधी हवेचा हिशेब. सिलिंडरमध्ये 210 बार असेल तर 70 आत जायला, 70 परतीला आणि 70 राखीव. काटा 140 वर आला की मागे वळायचं. ग्रुपमध्ये ज्याचा काटा आधी तिथे येईल त्याच्यासोबत सगळ्यांनी वळायचं, समोर कितीही भारी दृश्य असो.

मग दोरी. रीलची दोरी बाहेर उजेडात बांधून ती सोडत आत जायचं, कारण फिनचा एक चुकीचा फटका बसला की तळाचा गाळ उठतो आणि काही सेकंदांत सगळं दिसेनासं होतं. म्हणून पाय वर-खाली न मारता बेडकासारखे मारायला शिकवतात. दोरी बोटांच्या कडीत धरून, काही न बघता, जोडीदाराशी फक्त स्पर्शाने बोलत बाहेर येण्याचा सराव घेतात. एकाची हवा संपली असं समजून दोघांनी एकाच सिलिंडरवर परत यायचं, हाही सराव असतो. (जाता जाता, व्हिडिओत जो अंगठा दाखवता ना, पाण्याखाली त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला' असा होतो.)

2018 ची थायलंडची गुहा आठवत असेल. फुटबॉल टीमची 12 मुलं आणि त्यांचा कोच आत अडकले होते. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनिअरही होते. थाई नौदलाचे कमांडो दणकट होते, पण त्यांचा सराव खुल्या समुद्रातला. मुलं सापडली ती दोन ब्रिटिश हौशी केव्ह डायव्हरना. त्यातला एक निवृत्त फायरमन, दुसरा आयटीवाला. आत हवेची सिलिंडर ठेवून परतताना समन कुनान हा माजी नेव्ही सील गेला.

त्याच वर्षी 13 जानेवारीला डहाणूत पारनाक्याहून निघालेली विद्यार्थ्यांची बोट उलटली. मच्छीमार आणि कोस्ट गार्डने बहुतेकांना वाचवलं, तीन मुली गेल्या. इथे गुहा नाही हे खरं. पण आपल्या गढूळ पाण्यात कुणाला शोधायचं तर दोरी धरून, चाचपडतच शोधावं लागतं. पोहायला येणं वेगळं आणि हे वेगळं. किनाऱ्यावरच्या पोरांना हे शिकवलं तर त्याचा उपयोग सेनोटेपेक्षा इथे जास्त आहे, असं मला वाटतं.

आणि छत फक्त गुहेलाच नसतं. नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका एमटीडीसीकडे आली आहे. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. जवळपास 84 मीटर लांबीचं जहाज, आत खोल्या आणि अरुंद वाटा. त्यात शिरणाऱ्याला कॅव्हर्नचेच नियम लागू होतात. ट्राय डाइव्हवाल्याला जहाजाच्या बाहेरूनच फिरवणार का? बाहेर पडायला पत्र्यात मोकळ्या जागा कुठे कापणार? आत जाणाऱ्याचं कार्ड कोण तपासणार? बुकिंग करताना हे विचारा.