यंत्राची कोरणी आणि कर्तेपणाचा प्रश्न

लाकडात कोरलेली एखादी वेलबुट्टीची पट्टी किंवा दारावरची पाटी कोणाच्या हाती दिली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे हाताने केले की मशीनवर?" उत्तर 'मशीनवर' असे आले, की पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील कौतुक झरकन ओसरते आणि वस्तू मुकाट्याने टेबलावर परत ठेवली जाते. वस्तू तीच असते. मिनिटापूर्वी ती सुंदर होती. आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. 'कर्ता कोण' या वादावर ज्यांनी आयुष्यभर शाई खर्च केली, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तो इतक्या ढोबळपणे विचारू नये.

घरगुती सी.एन.सी. राउटर म्हणजे काय, हे आधी सांगणे भाग आहे. कारण त्यावरची बहुतेक चर्चा तो न पाहताच होते. एक चौकट, तीन दिशांना सरकवणाऱ्या स्टेपर मोटारी आणि मधोमध गरगर फिरणारे धारदार बिट, एवढाच हा संसार. त्यातील लहान यंत्रे जेमतेम तीस बाय अठरा सेंटिमीटर जागेत काम करतात. अमुक ठिकाणी जा, इतके खाली उतर, या वेगाने सरक, अशा ओळींपलीकडे यंत्राला काही कळत नाही. १९५२ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये छिद्रांच्या फितीवर चालणारे असे मिलिंग यंत्र प्रथम दाखवले गेले. ते धातूसाठी होते आणि अवाढव्य होते. पुढे २००९ मध्ये ग्रबल नावाचा मुक्त संगणक-कार्यक्रम आला आणि तीच विद्या स्वस्त आर्डुइनोवर, म्हणजे घरच्या टेबलावर येऊन बसली.

उठावाचे काम सहसा दोन टप्प्यांत होते. आधी सपाट टोकाचे बिट थराथराने नको ते लाकूड काढते. मग गोल टोकाचे बिट शेतात औत फिरावे तसे तासामागून तास घालत जाते. समजा, फळी ३०० मि.मी. लांब व २०० मि.मी. रुंद आहे, बिटाचा व्यास ३ मि.मी. आणि दोन तासांमधील अंतर ०.३ मि.मी. आहे. म्हणजे सुमारे ६६७ फेऱ्या आणि २०० मीटरांचा प्रवास. मिनिटाला एक मीटर या वेगाने तीन तास वीस मिनिटे. अंतर दुप्पट केले तर वेळ निम्मा होतो, पण दोन तासांमध्ये उरणारा कंगोरा चौपट उंच होतो. यातले काय पत्करायचे, हे यंत्र ठरवत नाही.

शिवाय लाकूड असतेच. एम.डी.एफ.ला तंतूंची दिशा नसल्यामुळे ते कशीही कोरणी निमूटपणे सोसते. सागवानात सिलिका असते, ती बिटाची धार खाते. आणि तंतूंना आडवे गेलात तर कडा उपटून येतात. नक्षी फळीवर उभी मांडायची की आडवी, नाजूक पाकळी गाठीवर येते का, बिट केव्हा बदलायचे, हे सारे निर्णय माणसाचेच. आमचे एक कमळ तिसऱ्या तासाला बिघडले. बिट फळी धरणाऱ्या पकडीला अडले, मोटारीची काही पावले चुकली आणि उरलेले अर्धे फूल दोन मिलिमीटर बाजूला सरकून निष्ठेने कोरले गेले. यंत्राला चुकल्याचे कळत नाही, हाच त्याचा आणि सुताराचा खरा भेद म्हणायला हवा.

डेव्हिड पाय या इंग्रज कारागीर-प्राध्यापकाने १९६८ साली कारागिरीवर एक पुस्तक लिहिले, ते आपल्याकडे वाचले गेले पाहिजे. त्याने कारागिरीचे दोन प्रकार केले : जिच्यात प्रत्येक क्षणी काम बिघडण्याची जोखीम असते ती, आणि जिच्यात परिणाम आधीच निश्चित झालेला असतो ती. 'हाताने केलेले' हा शब्द त्याला तांत्रिक वर्णन म्हणून मान्यच नव्हता. कारण साचे, पट्ट्या, मार्गदर्शक खाचा यांच्याविना कारागीर फार थोडे काम करतो. गंमत अशी, की लाकडी वाडग्यांवर एकसारख्या पन्हळी कोरण्यासाठी पायने स्वतःच एक हातयंत्र बनवले होते, आणि त्या वाडग्यांना कोणी नकली म्हणत नाही. आमचे यंत्र त्याच्या वर्गवारीत निश्चिततेच्या बाजूला जाते, हे खरे. मात्र येथे जोखीम नाहीशी झालेली नसून ती कोरणीच्या आधी, आखणीत जाऊन बसली आहे. लेखकाची जोखीम खिळे जुळवणाऱ्याकडे नसते, पण ती असतेच.

मग यंत्राच्या कोरणीत डोळ्याला खटकते ते काय? बऱ्याचदा ते हाताच्या अभावामुळे नसतेच. तीन अक्षांचे यंत्र प्रत्येक बिंदूला एकच उंची जाणते. ते सर्व काही वरून पाहते. पाकळीच्या मागे शिरून तिच्याखाली अंधार कोरणे त्याला शक्य नाही. पटाशीला ते शक्य आहे, म्हणून पेशवेकालीन वाड्यांतील केळफुले लाकडातून सुटून लोंबकळल्यासारखी वाटतात, तर आमच्या फळीवरचे फूल चादरीखाली झोपल्यासारखे. आणि ही उणीव झाकण्यासाठी हौशी मंडळी काय करतात? सॉफ्टवेअरमधून पटाशीच्या खोट्या खुणा पृष्ठभागावर पसरतात.

हा मोह नवा नाही. जॉर्डन या इंग्रज संशोधकाने १८४५ मध्ये नमुन्यावरून कोरणी उतरवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. लंडनच्या नव्या पार्लमेंट-भवनाच्या गॉथिक लाकूडकामात ते वापरले गेले. ओबडधोबड भाग यंत्राचा, शेवटचा हात कारागिराचा. १८४९ मध्ये रस्किनने यंत्राच्या अलंकरणाला फसवणूक म्हटले. त्याचा सगळाच राग आम्हाला पटत नाही, पण फसवणूक हा त्याचा शब्द योग्य जागी लावला तर अजून धारदार आहे. फसवणूक यंत्र वापरण्यात नसून ते लपवण्यात आहे. आपल्याकडच्या शिळाछापाच्या पोथ्याही प्रथम हस्तलिखिताचेच आडवे, सुटे रूप धरून आल्या. छापील पुस्तकाला स्वतःचा चेहरा सापडायला वेळ लागला.

तो चेहरा यंत्राच्या कोरणीला कोठे सापडेल याची चुणूक आम्हाला देवनागरीत दिसली. 'व्ही' आकाराच्या बिटाने अक्षर कोरताना रुंदी आणि खोली एकमेकांना बांधलेल्या असतात : रेघ जाड झाली की बिट खोल जाते, बारीक झाली की वर येते. बोरूने लिहिलेल्या अक्षरातील जाड-बारीकपणा लाकडात खोल-उथळ होऊन उतरतो आणि तिरप्या उन्हात काना सावलीने भरतो. असे अक्षर यंत्राने कोणाची नक्कल म्हणून केलेले नसते. (सॉफ्टवेअरला देवनागरी येत नसेल तर मात्र 'शिव'चा 'शवि' होतो आणि जोडाक्षरे फुटतात. अक्षरे आधी वक्ररेषांत बदलून घ्यावी लागतात; हे शहाणपण आम्हाला एक पाटी फुकट घालवून आले.)

आमचा खरा आक्षेप आहे तो उसन्या फायलीवर. गणपती, मोर, घोड्यांची जोडी : तयार उठावांच्या फायली फिरत असतात, बहुतेकांवर कर्त्याचे नाव नसते. ती उतरवून फळी कापणारा माणूस लेखक नव्हे, मुद्रक आहे. मुद्रक असणे कमीपणाचे मुळीच नाही. चांगली छपाई हीही विद्याच. पण मुद्रकाने मुखपृष्ठावर लेखक म्हणून सही केली तर आपण जे म्हणू, तेच येथे का म्हणत नाही? अशी फळी 'हस्तकला' या नावाने विकली जाते तेव्हा पटाशी धरणाऱ्याचा भाव ती पाडते, आणि ज्याने मुळात ते फूल रेखले त्याचे नावही बुडवते. वाङ्मयचौर्यावर परिसंवाद भरवणाऱ्यांच्या भिंतींवरही अशा फळ्या आम्ही पाहिल्या आहेत.

म्हणून हाती आलेल्या कोरीव वस्तूला दुसरे प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. रेषा कोणाची? लाकूड कोणी निवडले, नक्षी त्यावर कोणी मांडली? कंगोरे घासून टाकले की ठेवले, आणि का? आम्ही अलीकडे कंगोरे ठेवतो. सावकाश बोट फिरवले की ते लागतात, जमिनीवरच्या तासांसारखे. आणि पाटीच्या मागे पेन्सिलीने लिहितो : अक्षर आमचे, वेल उसनी, कोरणी यंत्राची, शिरोरेघेचे टोक मात्र पटाशीने दुरुस्त केलेले.