ॲट वाई, इन पुणे

माझं अर्धं आयुष्य वाईत गेलं आणि ते चुकलं. म्हणजे आयुष्य नव्हे, वाक्य. आठवीत ‘माझे गाव’ या इंग्रजी निबंधात मी ‘आय लिव्ह इन वाई’ असं लिहिलं. मास्तरांनी ‘इन’वर लाल काट मारून ‘ॲट’ लिहिलं आणि वर्गाला नियम सांगितला : मोठ्या शहराला इन, लहान गावाला ॲट. थोडक्यात, पुणेकर पुण्याच्या आत राहतात आणि आम्ही वाईपाशी उभे असतो! ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचे खंड तयार झाले, ते गाव ‘इन’च्या लायकीचं नव्हतं.

परवा नातवाच्या वहीत पाहिलं. ‘माय ग्रँडफादर लिव्ज इन वाई.’ वर काट. ॲट. शाईचा दौतटाक जाऊन बॉलपेन आलं, एवढाच काय तो फरक.

हा नियम आला रेन आणि मार्टिन या जोडगोळीच्या व्याकरणातून. पण त्या भल्या माणसांनी लहान गावांना ‘बहुधा’ ॲट लागतो, इतपतच म्हटलं होतं. आमच्या गाइडवाल्यांनी ‘बहुधा’ गाळलं आणि नियम ठेवला. आता सांगा, गाव मोठं झालं हे ठरवायचं कुणी? पिंपरी-चिंचवडची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मग ॲटचा इन नक्की कोणत्या साली झाला? गॅझेटात तसं काही छापून आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

खरी गोष्ट साधी आहे. जागेकडे नुसता ठिपका म्हणून पाहिलं तर ॲट, पृष्ठभाग किंवा रेघ म्हणून पाहिलं तर ऑन, आत-बाहेर असलेली जागा म्हणून पाहिलं तर इन. क्वर्क आणि मंडळींच्या १९८५ सालच्या जाडजूड व्याकरणात हे सविस्तर आहे. म्हणून तर विमान वाटेत थांबतं ते ‘ॲट लंडन’. एवढं अवाढव्य शहर, पण विमानाच्या दृष्टीने तो नकाशावरचा ठिपका. लंडनला चालतो तो ठिपका वाईला कायमचा का चिकटवायचा?

आणि माझा राग इथेच संपत नाही. ज्या मास्तरांनी ॲट शिकवला, त्यांनीच आदल्या तासाला सप्तमीचे प्रत्यय घोकून घेतले होते : त, ई, आ. दोन तासांच्या मध्ये फक्त एक घंटा होती, पण ती ओलांडून कुणी इकडचं तिकडे नेलं नाही. दारात कुणी येऊन विचारतो, “काका घरी आहेत का?” मी अंगणात पेपर वाचत असलो तरी बायको म्हणते, “आहेत की!” “घरात आहेत का?” असं विचारलं, तर म्हणते, “नाही, अंगणात बसलेत.” झालं! घरी म्हणजे ॲट होम, घरात म्हणजे इन द हाऊस. माझ्या बायकोने रेनही वाचलेला नाही आणि मार्टिनही. गावी गेलेला माणूस आठ दिवसांनी परततो, गावात गेलेला अर्ध्या तासात भाजी घेऊन येतो. हा फरक आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतो, आणि तोच त्याला इंग्रजीत अवघड म्हणून शिकवतात.

सगळीकडे हे जमत नाही, कबूल. ‘घरी’, ‘दारी’, ‘माहेरी’ चालतं, पण ‘स्टेशनी’ म्हणत नाही. आपण म्हणतो ‘स्टेशनवर उभा आहे’, आणि मग इंग्रजीत सरळ ‘ऑन द स्टेशन’ ठोकून देतो. ऐकणारा इंग्रज बिचारा छपराकडे बघतो. अशा ठिकाणी मुलाला थांबवून विचारायला हवं, ‘बाळ, तू ठिपक्यापाशी उभा आहेस की कशाच्या तरी डोक्यावर?’ त्याऐवजी आपण त्याच्याकडून जनगणना करून घेतो.

हे सगळं मी नातवाला तासभर ऐकवलं. घरी-घरात, गावी-गावात, लंडन, विमान, सगळं. त्याने शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आजोबा, ते कळलं. पण सोमवारी पेपरात काय लिहू?”

मी इकडेतिकडे बघितलं. बायको आत होती.

“ॲट लिही,” मी म्हणालो.