मुखवट्याला दोष नको

मोबाईल गेममधले अवतार मुलांची ओळख पुसतात, सबब त्यांवर बंदीच हवी, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. अवतार हाही शेवटी एक मुखवटाच. आमच्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात कोकणी आदिवासींच्या भोवाड्यात देव-राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर रात्रभर सोंगे नाचतात. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा गडी मुखवटा चढताच अंगण दणाणून सोडतो, आणि लोक त्याला हात जोडतात. त्याची ओळख काही पुसली जात नाही.

मुखवटा माणसाला बदलतो, हे मात्र खरे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांच्या २००७ मधल्या प्रयोगात उंच अवतार मिळालेले लोक पैशांच्या वाटाघाटीत अधिक ताठ राहिले. हे बळ बुजऱ्या मुलाच्याही कामी येऊ शकते. पण भोवाड्यात सोंगामागे कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. मोबाईलवर ते अनेकदा कळत नाही. खरा धोका तिथे आहे. तेव्हा पालकांनो, बंदीचा विषय सोडा. मुलाशेजारी बसा, त्याने कोणता अवतार घेतला, का घेतला, समोर कोण खेळतोय, हे त्यालाच विचारा.

— एक वाचक, पिंपळनेर (ता. साक्री, जि. धुळे)