चमक आली, प्रकाश आला का?

पिवळट, धुरकट झालेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट चोळायची, ओल्या फडक्याने पुसायचे आणि काच नव्यासारखी करून दाखवायची, अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांतील दावा सर्वस्वी खोटा नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. हेडलाइटचे आवरण घरच्या घरी स्वच्छ करता येते, ते स्वस्तात होते आणि ते करावेही. परंतु या चित्रफिती जिथे संपतात, तिथे काम निम्मेच झालेले असते. उरलेले निम्मे न केल्यास दिवा काही महिन्यांत पुन्हा पिवळा पडू लागतो. दरम्यान आपला दिवा उत्तम आहे, अशी चालकाची समजूत मात्र पक्की झालेली असते.

आज आपण ज्याला हेडलाइटची काच म्हणतो, ती बहुतेक मोटारींत काच नसतेच. ते पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. ते काचेहून हलके असते, दगड लागला तरी सहसा फुटत नाही आणि हव्या त्या वळणात साच्यातून काढता येते. त्याचे दोष दोन. त्यावर ओरखडे सहज पडतात आणि ऊन त्याला सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रोमीटर जाडीचा, अतिनील किरण अडवणारा कठीण लेप दिलेला असतो. हेडलाइटचे आयुष्य खरे तर या लेपाचे आयुष्य असते.

३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे ४.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. लेप झिजला की हे किरण थेट प्लास्टिकपर्यंत पोहोचतात. त्यातील रेणूंची पुनर्रचना होते, हवेतील ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि निळा प्रकाश शोषणारी संयुगे तयार होतात. निळा वजा झाला की उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. हे बहुतांशी पृष्ठभागालगतच्या काही दहा मायक्रोमीटरच्या थरात घडते. खालचे दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक सहसा निरोगी राहते. घरगुती दुरुस्ती शक्य होते ती याच कारणाने.

मात्र पिवळेपणापेक्षा मोठा शत्रू धुरकटपणा आहे. सूक्ष्म भेगांवर आणि ओरखड्यांवर प्रकाशाचे विकिरण होते. जो झोत रस्त्यावर पडायला हवा, तो चहूकडे विखुरतो. परिणामी दुहेरी हानी होते. चालकाला रस्ता कमी दिसतो, आणि विखुरलेला प्रकाश समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८ मध्ये केलेल्या चाचण्यांत, जुन्या खराब आवरणातून नव्या दिव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले. आवरण घासून नीट केल्यावर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेले. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. दुरुस्तीचा लाभ मोठा आहे, पण दुरुस्त दिवा म्हणजे नवा दिवा नव्हे.

आता टूथपेस्टकडे वळू. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते सौम्यपणे घासतात, वरचा मळ आणि थोडा पिवळा थर काढतात. उरलासुरला संरक्षक लेपही त्यांच्याबरोबर झिजतो. खोबरेल तेल चोळण्याची युक्ती तर केवळ दृष्टिभ्रम आहे. तेल ओरखड्यांत भरते, त्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा प्लास्टिकच्या जवळचा असल्याने विकिरण घटते आणि आवरण पारदर्शक भासते. तेल निघून गेले की धुरकटपणा परत येतो. डास पळवणारे डीट-युक्त द्रावण किंवा ॲसिटोन वापरणे हा त्याहून मोठा अविचार होय. ही रसायने पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग विरघळवतात किंवा त्यात बारीक तडे पाडतात. क्षणभर दिसणारी चमक ही अर्धवट विरघळलेल्या प्लास्टिकची चमक असते.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. प्रथम आवरणावर पाणी शिंपडावे. ओल्या अवस्थेत ते स्वच्छ दिसले तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. तसे दिसले नाही तर दोष बहुधा आतला आहे आणि घासून उपयोग नाही. मग भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावून, गॅरेजमध्ये ज्याला वॉटर पेपर म्हणतात त्याने, पाणी सोडत घासावे. आधी ८०० किंवा १००० क्रमांकाचा, मग १५००, २००० आणि शेवटी ३००० क्रमांकाचा कागद घ्यावा. प्रत्येक कागदाचे काम आधीच्या कागदाचे ओरखडे पुसणे एवढेच असते. म्हणून दर टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी. नंतर पॉलिश करावे आणि पृष्ठभाग स्वच्छ करून वाळवावा. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते: पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेला अतिनील-रोधक पारदर्शक लेप द्यावा. लेपाविना घासलेले आवरण म्हणजे उन्हात उघडे सोडलेले प्लास्टिक. घरी दिलेला लेप कारखान्यातील लेपाइतका टिकत नाही, हेही लक्षात ठेवावे. ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

इथपर्यंतचा विचार व्यक्तीपुरता झाला. पण प्रश्न सार्वजनिक आहे. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती मृत्यूंमागे मंद दिवे होते, हे या आकड्यावरून सांगता येणार नाही, आणि तसा दावा करणे अशास्त्रीय ठरेल. परंतु ज्या देशात असंख्य रस्त्यांवर रात्री दिवे नसतात, उत्तरेकडील मैदानांत पौष-माघात दाट धुके उतरते आणि रस्त्याच्या कडेने माणसे अंधारात चालत असतात, तिथे हेडलाइट ही शोभेची वस्तू असू शकत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. या काळात तिचा धूर पीयूसी केंद्रावर ठरावीक मुदतीने तपासला जातो. तिच्या दिव्यातून किती प्रकाश बाहेर पडतो, हे नियमाने तपासणारे कोणी नसते. भारतातील कडक उन्हात पंधरा वर्षे हा प्लास्टिकसाठी फार मोठा काळ आहे.

पीयूसी केंद्रावरच झोताची तीव्रता आणि चकाकी मोजण्याची सोय करणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. हेडलाइट तपासण्याची यंत्रे स्वयंचलित वाहन-चाचणी केंद्रांत वापरली जातातच. यावर आक्षेप येईल की भुर्दंड गरीब टॅक्सीचालकावर पडेल. आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचे उत्तर मोजमाप टाळणे हे नसून दुरुस्ती स्वस्त करणे हे आहे. बहुतेक मोटारींत केवळ आवरण बदलता येत नाही, संपूर्ण दिवाच विकत घ्यावा लागतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्या विचाराला खरा अर्थ द्यायचा, तर आवरण सुटे मिळणे ही साधी मागणी ठरावी.

विद्यार्थ्यांना तर यात एक सुरेख प्रयोग दडलेला आहे. मोटार सपाट जागेवर, भिंतीपासून ठरावीक अंतरावर उभी करावी. मोबाइलमधील प्रकाशमापकाने झोताच्या मध्यावर आणि झोताच्या वरच्या सीमेपलीकडे, दुरुस्तीच्या आधी व नंतर, त्याच जागी नोंद घ्यावी. मोबाइलचे निरपेक्ष आकडे विश्वासार्ह नसले तरी आधी आणि नंतर यांचे गुणोत्तर पुष्कळ काही सांगते. पहिली नोंद वाढायला हवी आणि दुसरी घटायला हवी. सहा महिन्यांनी हीच मोजणी पुन्हा केली, तर लेप दिलेला आणि न दिलेला दिवा यांतला फरक कोणत्याही चित्रफितीपेक्षा स्पष्ट दिसेल.

चमक पाहणाऱ्याला दिसते. प्रकाश मोजावा लागतो. अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा संबंध त्यांतल्या दुसऱ्या गोष्टीशी असतो.